सोड्याची बादली

बॅटरीतलं अ‍ॅसिड कपड्यावर उडालं तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. कापड वाळतं, आपण विसरून जातो. मग कपडा धुवायला काढला की बरोबर तिथे भोक पडतं. लग्न होऊन गोंदियाजवळच्या गोरेगावात आले तेव्हा पहिले काही महिने मी उंदरांच्या नावानं बोटं मोडत होते. नंतर कळलं, घरातला उंदीर म्हणजे आमचे हेच.

हे म्हणजे बिसराम, माझे यजमान. बसस्टँडच्या रस्त्याला पुढे बॅटरीचं दुकान, मागे राहायची खोली. धानाच्या मळणीत ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या रांगेनं यायच्या. कुणाची गळून खालचा पत्रा खाल्लेला, कुणाच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलेलं. हे गरम पाण्यात खायचा सोडा कालवून त्यावर ओतायचे आणि तारेच्या ब्रशनं घासायचे. फेस येतोय म्हणजे अ‍ॅसिड आहे, फेस निवला म्हणजे संपलं. एवढंच त्यांचं शास्त्र, आणि मलाही ते पुरायचं.

दुकान आणि खोलीमधल्या उंबऱ्याशी सोड्याच्या पाण्याची बादली असे. तीत हात बुडवल्याशिवाय ते आत येत नसत. हात बुडले की फस्स. मग बोट जिभेला लावायचे. आंबट लागलं की पुन्हा बुडवायचे, खारट लागलं की आत यायचे. दुपारचा चहा मांडलेला असला की मागून येऊन डावा हात माझ्या डाव्या खांद्यावर ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. त्या हाताचं मधलं बोट इंजिनाच्या पट्ट्यात गेलेलं होतं, म्हणून तो हात मी डोळे मिटूनही ओळखला असता.

२००८ च्या दिवाळीनंतर छातीत कळ आली आणि ते गेले. दुकान मी चालवलं. बाई बॅटरी खोलते म्हणून लोक आधी बघायला आले, मग बॅटऱ्या घेऊन आले. पण शटर पाडलं की सकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसे. चहा दोन कपांचा व्हायचा, एक मोरीत जायचा. फार एकटं वाटायचं, ते लपवून काय करू.

पुढच्या उन्हाळ्यात बादली आपोआप फसफसायला लागली. दुपारी, चहाच्या वेळेला. मी खोलीत असायचे आणि उंबऱ्याशी फस्स व्हायचं. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. वरच्या फळीवरून अ‍ॅसिडचा थेंब पडत असेल म्हणून फळी रिकामी केली. तरी फस्स. पाणी बदललं, बादली बदलली. तरी फस्स, आणि मग थोडा वेळ शांत.

मुलगी दुर्गेश्वरी सासरहून, मुर्रीहून आली तेव्हा तिला सांगितलं.

"आई, तू एकटी राहून राहून काहीबाही ऐकून राहिलीस. चल माझ्याकडं."

मला त्या आवाजाची सवय झाली होती, हे तिला सांगितलं नाही. एक मन म्हणत होतं, राहा. दुसरं म्हणत होतं, सोड्याच्या फेसासाठी कुणी आयुष्य काढतं का. शेवटी दुकान गुड्डूला दिलं. तो आमच्याकडेच काम शिकलेला, आता गोंदियात त्याचं गॅरेज होतं.

"चाची, ये बाल्टी रख दूं?" त्यानं विचारलं.

"कायले? सोड्याचं पाणीच तर आहे," मी म्हटलं आणि बादली स्वतःच्या हातानं नालीत ओतली. मग आंघोळ केली, मुलीनं आणलेलं कोरं पातळ आणि कोरं झंपर घातलं आणि एसटीत बसले.

मुर्रीला घर मोठं आहे. जावई राईस मिलमध्ये, मुलगी अंगणवाडीत. दुपारी मी इथेही एकटीच.

आठवड्यानं मुलीनं ते पातळ धुतलं. दोरीवर टाकताना थांबली.

"काऊन वं आई, नवं पातळ घालून बॅटऱ्या धुतल्या का तूनं?"

मी पदर खांद्यावर घेऊन पाहिला. डाव्या बाजूला पुढे एक भोक, मग मोकळी जागा, मग दोन भोकं. मागे एक, अंगठ्याएवढं. खालच्या झंपरालाही तिथेच.

मी पदर पुन्हा दोरीवर टाकला. बादली मी नालीत ओतून आले होते. हात धुवायला त्यांच्यासाठी काहीच ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी कामाला गेल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरातला सोडा घेतला. एका घमेल्यातल्या पाण्यात तो कालवला आणि घमेलं उंबऱ्याशी ठेवलं. दुपारी चहा मांडला.

चहाला उकळी आली.

मागे फस्स झालं. बराच वेळ होत राहिलं.

मी वळले नाही.

फेस निवला. पुन्हा एकदा फस्स झालं. मग काहीच नाही.

डाव्या खांद्याला गार लागलं. पदराला हात लावला. ओला होता.

मी बोट जिभेवर टेकवलं.

खारट लागलं.