उष्टा नान

नान खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, सरकार बोलतं, डॉक्टरचा कागदही बोलतो. पण अंगठ्यानं दाबलेल्या नानला आपलं वय लपवता येत नाही. ओश शहराच्या अन्न-तपासणी प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढलेल्या अनीपाचा हा सिद्धांत होता, आणि नव्या आलेल्या प्रत्येक मुलीला ती तो पहिल्याच दिवशी ऐकवायची. याच अनीपाला कोपऱ्यावरचा नानवाला आठवड्यातून दोनदा कालचा नान आजचा म्हणून देत असे. तिनं दाबायला हात पुढे केला की तो दुखावल्यासारखा बघायचा. मग ती पैसे देऊन निघून यायची.

असंच दुखावल्यासारखं बघणं तिच्या धाकट्या भावालाही जमायचं. केनेश चव्वेचाळीस वर्षांचा, ओश ते उझगेन मिनीबस चालवणारा. दोन वर्षांपूर्वी तो 'शुभ्र दस्तरखान', म्हणजे जेवणाखाली अंथरायची पांढरी चादर, अशा नावाच्या पंथात गेला. पंथ म्हटलेलं त्यांना खपत नसे, ते स्वतःला पंगत म्हणवत. पहिल्या वर्षी मिनीबस पंगतीला गेली. मग गाय गेली, पोटातल्या वासरासकट. मग बायकोची कानातली गेली आणि पाठोपाठ बायको. ती रशियात भांडी घासायला लागली आणि तिथून तिनं कळवलं, की इथं निदान घासलेल्या भांड्यांचे पैसे मिळतात.

आता राहिलं होतं आईचं घर. गुडघ्याच्या ऑपरेशनला घाबरून आईनं ते आधीच दोघा मुलांच्या नावावर अर्धंअर्धं केलं होतं. स्वतःकडे फक्त मरेपर्यंत राहायचा हक्क ठेवला होता. मंगळवारी केनेशचा फोन आला. सोमवारी नोटरीकडे जाऊन माझा अर्धा भाग पंगतीला देतो, म्हणाला.

"अर्धं घर कुठनं कापणार?" आईनं विचारलं. "माझा पलंग कुठल्या अर्ध्यात?"

"माझ्या," अनीपा म्हणाली.

"आणि चूल?"

अनीपानं मनातल्या मनात घर मोजून पाहिलं. चूल बहुधा केनेशच्या अर्ध्यात येत होती.

"घराचं मरू दे," आई म्हणाली. "आधी त्याला घेऊन ये. आणि जाताना खाऊन जा. उपाशीपोटी भांडलीस की तू हरतेस."

गुरुवारी अनीपानं रजा टाकली.

पंगत उझगेनच्या वर, अक्रोडांच्या रानात, रेशीम कारखान्याच्या जुन्या आरोग्यधामात राहायची. अनीपानं वाटेत सगळी तयारी केली होती: पहारेकऱ्याला काय सांगायचं, कुत्रं असलं तर काय, फोन काढून घेतला तर काय. फाटक सताड उघडं होतं. कुत्रं नव्हतं. भिंतीवर रंगीत काचांच्या तुकड्यांची एक पोहणारी बाई होती, तिचे गुडघे गळून पडले होते. तिच्याखाली एक बारकुडी बाई सफरचंदं कापून पत्र्यावर वाळत घालत बसली होती.

"केनेशची बहीण ना? या की. तो आतच आहे," ती म्हणाली. "मी सायरा."

"इथून जायचं असेल तर कुणाला विचारावं लागतं?" अनीपानं सरळच विचारलं.

"कुणाला नाही. मी गेले होते की एकदा. चार दिवस."

"कुणी अडवलं?"

"छे. बसचं भाडंसुद्धा उस्तादांनी दिलं."

"मग परत का आलात?"

"भूक लागली."

"ओशमध्ये जेवण मिळत नाही?"

"मिळालं ना. नणंदेच्या घरी लग्न होतं. दोन घोडे कापले होते." सायरानं सफरचंदाची बी सुरीच्या टोकानं काढली. "चार दिवस जेवतच होते मी."

केनेश धावतच आला. अनीपाला वाटलं होतं तो वाळला असेल, डोळे खोल गेले असतील. तो चांगला गुटगुटीत झाला होता. "एजे!" तो म्हणाला. थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, पण तो ते लहानपणीसारखं, शेवटी हेल काढून म्हणाला. अनीपानं पाठ केलेलं अर्धं भाषण तिथंच सांडलं.

"बॅग भर. आई वाट बघतेय."

"आधी चहा तरी घे. लगेच काय भांडायचं?"

जेवणघर लांबलचक होतं. उकडलेल्या कोबीचा जुना वास भिंतींत मुरलेला होता आणि त्यावर ताज्या नानचा वास तरंगत होता. समोरच्या भिंतीवर खिळ्यांच्या ओळीच ओळी होत्या, आणि प्रत्येक खिळ्याला सुतळीनं एकेक नान. तीनशे तरी असतील. प्रत्येक नानचा एकच घास तोडलेला.

हे अनीपाला नवं नव्हतं. लांब जाणारा माणूस निघताना नानचा एक घास दातांनी तोडतो. उरलेला उष्टा नान घरचे खिळ्याला टांगून ठेवतात, त्यानं परत येऊन तो संपवावा म्हणून. केनेश सैन्यात गेला तेव्हा त्याचाही नान दोन वर्षं चुलीवर टांगलेला होता. परत आल्यावर आईनं तो चहात बुडवून दिला, तरी त्याचा पुढचा दात अर्धा तुटला. सैन्यात त्याला दुसरी कुठलीही इजा झाली नव्हती.

पण ते घरी. इथं माणसं आत होती आणि त्यांचे नानही आतच.

"माझा हा," केनेश म्हणाला. तिसऱ्या ओळीत, खिडकीजवळ. घासाच्या कडेला अर्ध्या दाताची खूण स्वच्छ दिसत होती. "आलो त्या दिवशीचा."

अनीपाचा अंगठा आपोआप पुढे गेला. नान दबला आणि हळूच वर आला. तो कोमट होता.

तिनं शेजारचा दाबला, मग त्याच्या खालचा. सगळे कोमट. सप्टेंबरचे दिवस, खिडक्या उघड्या, पलीकडे वाळती सफरचंदं, आणि भिंतीवर एकही माशी नव्हती. सवयीनं तिनं पर्समधली नमुन्याची पिशवी काढली, केनेशच्या नानचा चिमूटभर गर आत टाकला आणि पिशवी बंद केली.

"रोज पहाटे बदलतात," ती म्हणाली.

"दातांसकट?" केनेशनं विचारलं. तो थट्टा करत नव्हता. त्यानंही हा विचार करून झाला असावा.

पंगतीचे प्रमुख उस्ताद शेरबोतो आले तेव्हा चहा ओतून झाला होता. हा गृहस्थ पूर्वी लग्नांत सूत्रसंचालन करायचा. कुठल्या क्षणी पाहुण्यांचा हात खिशाकडे जातो, हे त्याला वीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. अध्यात्माला त्याहून जास्त शिक्षण लागत नाही.

"एजे, तुम्ही आलात, फार बरं झालं."

"मिनीबस नेलीत, गाय नेलीत. आता म्हातारीचं छप्पर?"

"आम्ही कुठं नेतो? नान ठेवायचा म्हणजे खर्च असतो," उस्ताद मऊपणे म्हणाले. "तुम्ही तर यातल्याच. ताजा नान पहिल्या दिवशी कुणीही ताजा ठेवेल. जुना होतो तसं जास्त लागतं. पहिल्या वर्षी एका गाडीत भागलं. आता नाही भागत."

"आणि त्याला जायचं असेल तर?"

"आपला नान संपवायचा आणि जायचं. एवढा एकच नियम आहे आमच्यात."

अनीपा भावाकडे वळली. "मग संपव की मेल्या! दोन वर्षं काय करतोयस?"

"रोज संपवतो, एजे."

"मग?"

"सकाळी असतो."

त्यानं ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की अनीपाला राग यायला थोडा वेळ लागला. मग तिचं डोकं चाललं. पहाटे बदलत असतील तर पहाटेपर्यंत थांबायचंच कशाला? "आत्ता खा," ती म्हणाली. "माझ्यासमोर. संपला की तसंच उठायचं, बॅगही राहू दे. काय हो उस्ताद, चालेल?"

"का नाही?" उस्ताद म्हणाले आणि स्वतःला चहा ओतून घेतला.

केनेशनं सुतळी सोडली. नान मोठा होता, मधोमध ठशाची नक्षी असलेला. तो तुकडे मोडून चहाबरोबर खाऊ लागला. हळूहळू माणसं जमली. स्वयंपाकघरातल्या बायका हात पुसत आल्या, सायरा सुरीसकट आली. अनीपा मोकळ्या खिळ्याकडे बघत होती. नजर हटवायची नाही असं तिनं ठरवलं होतं.

शेवटी अंगठ्याएवढा तुकडा राहिला. केनेशनं तो उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबला.

"एजे," तो म्हणाला. "पोट भरलं."

जमलेल्यांतून कुणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला. केनेशचे डोळे भरून आले होते. "खरंच भरलं गं! आता हा जातच नाही."

आता नान टाकून उठायचं नसतं, तुकडाभरसुद्धा. केनेशच्या ताटात उरलेलं त्याला दात नव्हते तेव्हापासून अनीपाच खात आली होती. त्याचा भात, त्याच्या शेवयांचे तुकडे, तापात न गेलेली लापशी. तिनं विचार केला नाही. त्याच्या बोटांतून तुकडा घेतला आणि तोंडात टाकला.

"अगं..." सायरा म्हणाली.

तुकडा गरम होता. तंदुरातून आत्ता काढल्यासारखा.

अनीपानं गिळला. "झालं? संपला. चल ऊठ." तिनं खुर्चीवरची पर्स उचलली.

केनेश उठला नाही. तो तिच्या मागे बघत होता.

तिनं वळून पाहिलं.

खिळ्याला नान होता. सुतळीची गाठ तशीच, नक्षी तशीच.

एका कडेला अर्ध्या दाताची खूण.

दुसऱ्या कडेला दुसरा घास. समोरच्या दोन दातांत फट असलेल्या माणसानं घ्यावा तसा.

अनीपाची जीभ आपल्या दातांतल्या फटीकडे गेली.

उस्तादांच्या हातातला चहा बशीत सांडत होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या चेहऱ्यावर कुठल्याही लग्नातलं हसू नव्हतं. "असं कधी झालं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "आईशप्पथ, एजे. असं कधीच झालं नव्हतं."

तिला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तिनं भावाला दंडाला धरून बाहेर काढलं. कुणी अडवलं नाही. फाटक उघडंच होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत दोघं घरी पोचली. आईनं केनेशच्या गालांवरून दहादा हात फिरवला आणि पुलाव टाकला. दोघांनी एकेक ताट संपवलं, मग दुसरं. आईला आनंद मावेना. तिसऱ्या ताटाला ती म्हणाली, "खा रे खा, तिथं काय मेलं मिळत असेल." पाचव्याला ती बोलायची थांबली. कढई खरवडून झाल्यावर अनीपानं विचारलं, "अजून आहे का गं काही?" आणि आपलाच आवाज ऐकून ती दचकली. आईनं हिवाळ्यासाठी ठेवलेल्या मुरांब्याच्या बरण्या काढल्या, मग वाळवलेलं मांस. दोघं समोरासमोर बसून, एकमेकांकडे न बघता खात राहिली.

शुक्रवारी अनीपा प्रयोगशाळेत गेली. सकाळपासून तिनं चार नान, एक कोंबडी आणि सहकारी मुलींचे डबे खाल्ले होते. मुली हसून हसून थकल्या आणि मग हसेनाशा झाल्या. तिनं पर्समधली पिशवी काढली. कालचा गर होता, आदल्या दुपारी चिमटलेला. तिनं ओलावा दोनदा मोजला, शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून तिसऱ्यांदा मोजून घेतला. मग वहीत लिहिलं: भाजून चार तासांच्या आत. खाली सही केली.

आणि नमुना खाल्ला.

बोटाच्या पेराएवढा गर. त्या एका चिमटीनं पोटातली आग अर्धा तास शांत झाली.

शनिवारी घरातलं पीठ संपलं. रविवारी केनेश परसातल्या झाडाखाली बसून न पिकलेली फळं खात होता. अनीपा त्याच्या शेजारी होती. आई दारात कितीतरी वेळ उभी राहिली. तिची दोन्ही मुलं, एक बावन्न वर्षांचं आणि एक चव्वेचाळीस, लहानपणच्या दुष्काळी वर्षीसुद्धा तिनं उपाशी झोपू दिली नव्हती.

"तिथं भरतं का रे पोट?" तिनं विचारलं.

"भरतं, आई."

"हिचंही भरेल?"

"नान आहे तिचा तिथं," केनेश म्हणाला. "पण दोघांचा म्हणजे आता जास्त लागेल."

"अर्ध्यात नाही भागायचं?"

केनेशनं मान हलवली. अनीपाला ओरडायचं होतं, की आई, गप्प बस, आत जा, दार लाव. तिच्या तोंडात फळ होतं. तिनं आधी ते गिळलं, मग पुढचं तोडलं.

आई आत गेली. कपाटाचं दार करकरलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घराचे सगळे कागद होते, तिचा राहायचा हक्क लिहिलेला तो एक कागदसुद्धा, आणि तिनं बाहेर जायचा रुमाल डोक्याला बांधला होता.

"आज रविवार आहे, आई," अनीपा म्हणाली. एवढंच ती बोलू शकली.

"मग उद्या," आई म्हणाली. रुमाल तिनं सोडला नाही.

सोमवारी तिघं नोटरीच्या कचेरीत पोचली, तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. दाराला कुलूप होतं. पाटीवर लिहिलं होतं: जेवणाची सुट्टी, एक ते दोन.