थेंबांआधीची अंघोळ

टण्ण् करून बाथरूममध्ये स्टीलचा तांब्या फरशीवर पडला आणि सकाळपासून जपून ठेवलेली घरातली शांतता फुटली.

बाहेरच्या खोलीत ओवीने दचकून मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. बाळाने ओठांचा चंबू केला, कपाळाला एक आठी घातली आणि पुन्हा झोपून गेलं. ओवीची साडेचार वर्षांची मुलगी जुई मात्र कमरेवर हात ठेवून बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आजी, हा आवाज आता बाळाला जन्मभर आठवणार."

"काही आठवत नाही," आतून ओवीच्या सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या आत्याने त्याला थेंब कुठे दिलेत अजून? संध्याकाळपर्यंत मी घरातली सगळी भांडी पाडू शकते."

"माझ्या वेळी थेंबांआधीच तू कुकरचं झाकण पाडलं होतंस. मला आठवतं."

"एकदाच ना?"

"दोनदा. आणि दुसऱ्या वेळी आजोबांना म्हणालीस, ओवीने पाडलं."

ओवीने हसू गालातच दाबलं. सासूबाईंचं नाव प्राजक्ता. पंचाहत्तरी जवळ आली तरी जिभेची धार शाबूत होती, पण या नातीपुढे त्यांची डाळ शिजत नसे. जी पोर जन्मल्या दिवसापासूनचं सगळं लक्षात ठेवते, तिच्यासमोर थाप मारायची म्हणजे साक्षीदारालाच साक्ष शिकवण्यासारखं होतं.

मिरजेतल्या त्यांच्या कॉलनीत आता निम्म्याहून अधिक मुलं अशीच होती. लोक त्यांना 'आठवणबाळं' म्हणत. तुमच्याआमच्यासारख्या जुन्या माणसांना आपल्या आयुष्याची पहिली दोन-तीन वर्षं आठवत नाहीत. आईने पहिल्यांदा उचलून घेतलं तो क्षण, पहिली अंघोळ, पहिला घास, सगळं कोरं. आठवणबाळांचं तसं नव्हतं. जन्मानंतर काही दिवसांत जिभेखाली थेंब सोडले की त्या दिवसापासूनचं, शिवाय त्याआधीच्या त्या थोड्या दिवसांचंही, सगळं कायमचं टिकून राही. बोलता येऊ लागलं की ती मुलं ते सांगू लागत, आणि मग घरोघरी मजा होई.

ओवीच्या घरी ती मजा हळदीकुंकवाच्या दिवशी झाली होती. प्राजक्ताताईंचा या थेंबांवर काडीचा विश्वास नव्हता. जुईला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना त्या मनात येईल ते बोलत. दोन वर्षांची जुई भर कार्यक्रमात ओवीच्या आईसमोर उभी राहिली आणि थेट आजीच्या सुरात म्हणाली, "विहीणबाईंनी दुपटं दिलंय की गाळणं? चहा गाळायला घेते मी हे." विहीणबाई कितीतरी महिने या घरचा चहा प्यायल्या नाहीत.

पण याच जुईने एकदा वरणभात खाताखाता सांगितलं होतं, "आजोबांच्या शर्टाला वेलदोड्याचा वास यायचा. ते मला उचलून खिडकीशी न्यायचे आणि म्हणायचे, काय साहेब, आज काय हुकूम?" आजोबा गेले तेव्हा जुई अडीच महिन्यांची होती. ते तिला एकांतात 'साहेब' म्हणत, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. प्राजक्ताताई उठून स्वयंपाकघरात गेल्या, बऱ्याच वेळाने डोळे पुसत परतल्या आणि म्हणाल्या, "परत सांग."

म्हणूनच ओवीचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या बाळाला थेंब द्यायचे की नाही, हे आज ठरवायचं होतं. उद्या उशीर झाला असता. तिच्या नवऱ्याचं, निनादचं, म्हणणं साधं होतं. एकीला दिलं ते दुसऱ्याला का नाही? मोठेपणी पोरगा विचारेल, माझ्या आठवणी कुठे आहेत, तेव्हा काय सांगायचं? बोलणं बिनतोड होतं. तरी ओवीच्या तोंडून 'हो' निघत नव्हतं, आणि का निघत नाही हे तिचं तिलाच समजत नव्हतं.

थेंब घेऊन येणार होती ती घरचीच. ओवीची नणंद शर्वरी, हे औषध बनवणाऱ्या गटातली शास्त्रज्ञ. ती आली, गार पेटी फ्रीजमध्ये ठेवली, हात धुतले आणि भाच्याला न उचलता लांबूनच त्याच्याकडे बघत बसली.

"उचल की," प्राजक्ताताई म्हणाल्या. "आत्या आहेस, इन्स्पेक्टर नाहीस. आणि एकदा मला नीट सांग बघू, हे थेंब करतात तरी काय. तुझ्या त्या भाषेत नको. माझ्या भाषेत."

शर्वरीने पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यात बोट रुतवलं. "हा ठसा दिसतो ना आई? ही बाळाची आठवण. आता मी कणीक मळत राहिले तर?"

"ठसा जाईल. आणि तू हात धुतले होतेस का?"

"धुतले. तर लहान बाळाचा मेंदू म्हणजे ही मळली जाणारी कणीक. त्यात रोज नव्या पेशी येतात, नवे धागे जुळतात, इतक्या वेगाने की आधीचे ठसे मिसळून जातात. बाळाला आठवणी नसतात असं नाही. त्या उमटतात, पण राहत नाहीत. आमचे थेंब मळणं थांबवत नाहीत. जिथे ठसा उमटलाय तेवढाच भाग भाजून पक्का करतात."

"म्हणजे पोरांची डोकी तव्यावर ठेवलीत तुम्ही."

"अगदी मंद आचेवर," शर्वरी हसली. "पण एक आहे. भाजलेल्याची परत कणीक होत नाही. आणि मळण्याने वेग घेतला की ठसे सापडत नाहीत, म्हणून आजच."

प्राजक्ताताईंनी कणकेवर ताट झाकलं. "एक सांगू? बाई बाळाला न्हाऊ घालताना जे बोलते ना, ते पूर्वी कुठेच जात नसे. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, जे कुणाला सांगता येत नाही ते पाण्याबरोबर बोलून मोकळं व्हायचं. ते एवढंसं ऐकायचं टकामका बघत, आणि विसरायचं. मी निनादला काय काय सांगितलंय. तो अजून माझ्याशी चांगला वागतो, ते त्या विसरण्यामुळेच. ते एक माणूस तुम्ही आमच्याकडून काढून घेतलंत."

शर्वरीने कणीक लागलेलं बोट पुसलं. ती म्हणाली, "पाणी तापलंय वाटतं."

आज सकाळीच बाळाची नाळ पडली होती. आतापर्यंत ओल्या फडक्याने पुसून घेणं चालू होतं, आज पहिली खरी अंघोळ. प्राजक्ताताईंचं मनगट मुरगळल्याने ती घालायची होती ओवीला.

"नाक ओढायचं नाही, कानात तेल घालायचं नाही, धुरी द्यायची नाही," शर्वरीने बजावलं.

"मग मी काय करू? टाळ्या वाजवू?" प्राजक्ताताई दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. "आम्ही यूट्यूब बघून शिकलो तरी तुम्ही दोघं धडधाकट निघालात."

ओवीने खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला, टॉवेल आणि झबलं हाताशी ठेवलं. बादलीत आधी गार पाणी घेतलं, मग त्यात गरम ओतलं, ढवळलं आणि कोपर बुडवून पाहिलं. ती पाटावर पाय पसरून बसली. बाळाला पायांवर घेतलं आणि त्याच्या मानेखाली हात दिला.

जुई टॉवेलजवळ फतकल मारून बसली होती. या विषयातली जाणकार या घरात तीच.

"आधी पायांवर पाणी टाक," ती म्हणाली. "एकदम पोटावर टाकलं की श्वास अडकतो."

ओवीने पायांवर टाकलं. बाळाने पाय झाडले, पण रडलं नाही.

"मानेखालचा हात काढू नकोस. हात काढला की वाटतं, आपण खूप खाली पडतोय. आणि डोक्यावरून टाकताना कपाळाशी तळहात आडवा धर, आजी धरायची तसा. नाहीतर पाणी नाकात जातं. ते फार वाईट असतं."

शर्वरी दारात उभी राहून ऐकत होती. जगातल्या कुठल्याही पुस्तकात हे असं, आतून, लिहिलेलं नव्हतं. तिचे डोळे चमकले. "बघ वहिनी," ती हळूच म्हणाली. "यासाठी."

ओवीने मान हलवली. तिने साय कालवलेलं डाळीचं पीठ मऊ हाताने बाळाच्या मानेच्या वळीत, गुडघ्यांमागे फिरवलं. मग गळ्याशी पाणी सोडलं, तेव्हा बाळाने भुवया उंचावून असा चेहरा केला, की जणू बँकेच्या मॅनेजरला कुणी गुदगुल्या केल्या. ओवीला खुदकन हसू आलं आणि तिच्या तोंडाचं कुलूप उघडलं.

"काय हो ढब्बूशेठ, पसंत पडलं का पाणी? तक्रार असली तर आत्ताच सांगा, नंतर ऐकून घेणार नाही. तुझे बाबा झोपेत घोरतात ते ऐकलंस ना? मला वाटतं रात्री कुणीतरी आमच्या पलंगाखाली रिक्षा चालू करतं. आणि तुझ्या आजीचे अळिवाचे लाडू. अरे, मी किती खाल्ले असतील. परवा एक उशीखाली लपवला, त्याला मुंग्या लागल्या."

"मला माहीत होतं," बाहेरून आजी म्हणाल्या.

"ऐकतायत बघ आपलं. ऐकू देत." ओवीने त्याचा इवला तळवा उघडून त्यात अडकलेले कापसाचे तंतू काढले. आवाज खाली आला. "तुला एक गंमत सांगू? मला भीती वाटते रे. तुम्हा दोघांना मी पुरेन का, असं वाटतं. काल तू रडत होतास ना, तेव्हा मला क्षणभर वाटलं, चप्पल घालावी आणि कृष्णेच्या घाटावर जाऊन एकटीने भेळ खावी. तिखट. गेले नाही बरं का. पण भेळेचं वाटलं. तू कुणाला सांगू नकोस."

याच वेळी ढब्बूशेठनी एक झकास धार सोडली, ती सरळ ओवीच्या हनुवटीवर. ओवी इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग ती गाऊ लागली, सूर कुठे आणि ती कुठे, शब्दही तिथल्या तिथे जुळवलेले. भेळेचं गाणं. बाळ तिच्या तोंडाकडे एकटक बघत होतं, तिचा एकेक शब्द पीत होतं आणि सोडून देत होतं. किती वर्षांत ओवीला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

शेवटचा तांब्या ओतून तिने त्याला टॉवेलात गुंडाळलं, डोकं आधी पुसलं आणि छातीशी धरलं. तिला हवं असलेलं उत्तर मिळालं होतं.

"शर्वरी, तुझी पेटी परत घेऊन जा."

"नको देऊ?"

"नको. याला विसरू दे. मला याच्याशी बोलायचंय."

शर्वरीने वाद घातला नाही. खुर्चीवरून प्राजक्ताताई म्हणाल्या, "झालं एकदाचं. आता माझंही मनगट बरं होऊ दे, मलाही बरंच सांगायचंय त्याला," आणि तिघी हसल्या.

जुई हसली नाही. तिने झबलं उचलून आईला दिलं, नाडीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आई, माझ्या अंघोळीला तू गाणं नाही म्हटलंस."

ओवीचा हात थांबला. जुईच्या वेळी शर्वरीच्या संस्थेने बोलण्याची पथ्यं सांगितली होती. बाळ सगळं जपून ठेवणार आहे, तेव्हा शांत आवाजात, सोप्या वाक्यांत बोला. तक्रार नको, रडणं नको, भलतंसलतं काही नको. ओवीने ती डोळ्यांत तेल घालून पाळली होती. स्वतःच्या तोंडून एकही वाकडा शब्द पोरीच्या कानावर पडू दिला नव्हता. त्याचा तिला अभिमान होता.

"आजी अंघोळ घालायची आणि तू शेजारी बसून म्हणायचीस, आता आपण उजवा पाय धुतोय. आता आपण डावा पाय धुतोय," जुई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. जे आठवतं ते ती नेहमीसारखं सांगत होती. "रोज तेच. आजी बोलायची, पण तू नाही. मला वाटायचं, तुला गमती येतच नाहीत."

शर्वरीने मान खाली घातली. बाळ टॉवेलात उबदार होऊन पेंगू लागलं होतं.

जुई आईच्या आणखी जवळ सरकली आणि तिच्या ओल्या दंडावर हात ठेवून तिने विचारलं, "आई, मी सगळं विसरून गेले, तर माझ्याशी पण अशी बोलशील?"