चढावरचा विलासशेठ

या, जवळ या. मागं टेकून बसलेल्यांनीही थोडं पुढं सरकावं. गोष्ट नाजूक आहे, ओरडून सांगण्यातली नाही. जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याच्यावर एक पोरगा अख्खा उन्हाळा जळत राहिला, त्याची ही गोष्ट. हसायचं तर हसा, पण आधी माझ्यासंगं त्या चढापर्यंत चला.

रेणापूरच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगरात देवखिंड नावाची वस्ती आहे. त्या सालीही पावसानं पाठच फिरवली होती. पारावर बाप्ये नव्या जिल्ह्याच्या गप्पा मारत, आपण लातुरातच राहणार की नव्यात जाणार म्हणून. बाया मात्र रिकामे हंडे पुढं करून म्हणत, "जिल्हा कोणचाबी द्या, ह्ये भरलं म्हंजे झालं!"

वर माळावर जनावरांची छावणी होती. पाण्याचा टँकर डोंगराखालीच थांबायचा. पुढचा चढ त्याला झेपत नसे. तिथून पिंपं वर न्यायची ती छावणीच्या जीपनं. गियरची, चारही चाकांनी ओढणारी दणकट गाडी. तिचा ड्रायव्हर काम सोडून गेला आणि चैत्रातल्या एका दुपारी ती गाडी चढताना दिसली, तेव्हा स्टेअरिंगवर कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

व्यंकटी चढाच्या मधोमध लिंबाखाली बसला होता. देवळात मृदंग वाजवणारा, बोटानं बोलणारा आणि तोंडानं गप्प राहणारा पोरगा. तेवढ्यात साखराबाईची म्हातारी म्हैस रस्त्यात आडवी झाली आणि जीप नेमकी उभ्या चढावर थांबली. व्यंकटी ताडकन उठला. याच जागी त्याचा ट्रॅक्टर एकदा मागं आला होता. देवाच्या कृपेनं कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून त्यानं स्टेअरिंगला हात लावला नव्हता. त्यानं धोंडा उचलला आणि चाकामागं लावायला धावला…

पण गाडी मागं आलीच नाही! म्हैस बाजूला झाली, गाडी क्षणभर जागच्या जागी उभी राहिली — जशी कुणी पाठीमागून धरून ठेवावी — आणि अलगद वर निघाली. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. ओढणी कपाळापर्यंत गुंडाळलेली, पापण्यांवर धूळ, आणि डोळे… असो, डोळ्यांचं व्यंकटीला विचारा.

"धोंडा कुणाला मारताय?"

"मारत न्हाई… चाकाला लावायलोय."

"काही गरज नाही! हिल असिस्टवर माझा पूर्ण भरवसा आहे. मी पाय सोडला तरी तो नाही सोडत!"

इंजिनच्या आवाजात व्यंकटीला निम्मं ऐकू आलं. म्हशीमागून आलेल्या साखराबाईला एकाच कानानं ऐकू येत असे, तिला मात्र सगळंच ऐकू आलं! देव माणसाला कान देतो आणि त्यात काय पडावं हेही तोच ठरवतो. दिवेलागणीपर्यंत वस्तीभर झालं: नांदेडहून जनावरांची डॉक्टरीण आलीय, गोदावरी नाव, आणि तिचा कुणी विलासशेठ आहे. "तिनं सोडलं तरी त्यो तिला सोडत न्हाई म्हनं! लई मयेचा माणूस."

व्यंकटीच्या छातीत कळ आली. एका दुपारच्या ओळखीत इतकी कळ कामून यावी, हे त्यालाही उमगेना.

पण मन ऐकतंय होय? गोदा रोज पाणी आणायची, तो पिंपं उतरवायचा. संध्याकाळी देवळात भजन रंगलं की ती पायरीवर बसून गुडघ्यावर ठेका धरायची.

"आज मृदंगात राग होता तुमच्या," ती एकदा म्हणाली.

"उकाडा हुता."

"उकाड्यानं एवढी थाप पडत नाही."

त्यानं मान खाली घातली. मग धीर करून, पायानं मातीत रेघ ओढत विचारलं, "त्ये… ज्याच्यावर तुमचा एवढा भरवसा हाय… कुठले म्हणायचे?"

"कुठले म्हणजे? कंपनीचेच!" ती हसत गाडीत चढली.

कंपनीचा! वर शेठ! त्या रात्री व्यंकटीला भाकर गोड लागली नाही.

आणि एके दिवशी शेवटचं पिंप उतरवताना गोदा हळूच म्हणाली, "सोमवारपासून मी परत नांदेडच्या ऑफिसात."

हातातलं पिंप तिथंच राहिलं. "मग… गाडी?"

"गाडी इथंच राहणार. पण वर आणणारा कुणी मिळाला नाही तर छावणी खाली हलवतील. साखरामायची म्हैस कशीबशी वर चढली, पण हा उतार उतरू शकायची नाही, व्यंकटी. तिला विकावी लागेल. तुम्ही शिका."

"मी? माझा ट्रॅक्टर हितंच मागं आला हुता, मॅडम!"

"म्हणूनच तुम्ही. ज्याला चढाची भीती ठाऊक आहे, तोच गाडी जपून आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्यंकटी स्टेअरिंगवर बसला. मागं भरलेली पिंपं, शेजारी गोदा. चढाच्या मधोमध, त्याच जागी तिनं गाडी थांबवायला लावली.

"ब्रेक गच्च दाबून ठेवा. क्लच दाबून पहिला गियर टाका… हां. हँडब्रेक सोडा. आता ब्रेकवरचा पाय उचला."

"न्हाई उचलत. मागं जाईल."

"नाही जाणार. हिल असिस्ट धरेल."

व्यंकटीच्या मनातलं सगळं एकदम वर आलं. "हितंबी त्येंचंच नाव? इथून जातेयेळी तरी त्येंचं नाव नका घेऊ!"

"कुणाचं?"

"त्ये… तुमचे विलासशेठ. कंपनीवाले."

गोदानं वळून त्याच्याकडं पाहिलं.

"कोण विलासशेठ?"

"ज्यांच्यावर तुमचा भरवसा हाय… तुम्ही सोडलं तरी जे सोडत न्हाईत… साखरामाय म्हनली…"

गोदानं आधी तोंडावर ओढणी धरली, मग कपाळ डॅशबोर्डवर टेकलं. हसून हसून तिच्या धुळीच्या पापण्या ओल्या झाल्या. "अहो… हिल — असिस्ट! गाडीतली सोय आहे ती! कीर्तनात बुवा दम घेतात तेव्हा टाळकरी चाल धरून ठेवतात ना? बुवांचा श्वास परत येईपर्यंत? तेवढंच. चढावर तुमचा पाय ब्रेकवरून निघून रेसवर जाईपर्यंत ती गाडी धरते. एका श्वासापुरतीच हं. पुढं तुम्ही उचललं नाही, तर तीही सोडते."

"म्हंजे… विलासशेठ न्हाईच?"

"नाहीच!"

काय सांगू तुम्हाला! उन्हाळाभर छातीवर ठेवलेला धोंडा घरंगळला आणि व्यंकटीनं असा काही निःश्वास सोडला, की त्यासरशी ब्रेकवरचा पायही आपसूक सुटला. त्याला कळलं तेव्हा तो दचकला. गाडी मात्र जागची हलली नव्हती. कुणीतरी चाल धरून ठेवली होती.

"श्वास संपतोय, बुवा…" गोदा कुजबुजली. "उचला!"

त्यानं रेस दिली, क्लच हळूच सोडला. चाकाखालची खडी करकरली आणि पाण्यानं भरलेली गाडी एक थेंबही न सांडता माळावर चढली. साखराबाईच्या म्हशीनं हंबरून स्वागत केलं.

व्यंकटीनं गाडी बंद केली.

"आता बोला," गोदा समोर बघत म्हणाली.

"काय बोलू?"

"उन्हाळाभर ब्रेक दाबून जे धरून ठेवलंय ते."

"मी… म्हंजे…" त्यानं एकदा श्वास घेतला. तेवढा वेळ तीही गप्प राहिली, धरून ठेवल्यासारखी. "सोमवारी जाऊ नका म्हणलो तर?"

"नोकरी आहे, जावं लागेल."

"मग…?"

"मग काय?" तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं. "तुम्हाला गाडी येते की आता. आणि नांदेड काही चढावर नाही."

छावणी वरच राहिली. म्हैसही राहिली. व्यंकटी रविवारच्या रविवारी नांदेडला गोदावरीच्या घाटावर दिसू लागला, आणि पुढच्या वैशाखात देवखिंडीच्या देवळासमोर दोघांच्या लग्नाचा मांडव पडला. पंगत बसली तेव्हा साखराबाईनं वरच्या अंगाला एक पान जास्तीचं मांडून घेतलं. कुणाचं विचारलं तर वस्सकन अंगावर आली: "विलासशेठचं! पोरीसाठी उन्हाळाभर चढ चढला बिचारा, त्याला उपाशी ठेवता व्हय?" कुणीही तिची चूक सुधारली नाही. नवरीनं उठून आपल्या हातानं त्या पानावर बुंदी वाढली.

तेव्हा बाबांनो, कधी चढावर थांबलात, ब्रेकवरचा पाय उचललात आणि गाडी मागं आली नाही, तर त्या एका श्वासात साखराबाईची आठवण काढा. तिच्याच कानातून विलासशेठ जन्माला आला. फक्त जरा मोठ्यानं काढा. तिला आता दुसऱ्या कानानंही कमी येतं.