लपवलेला बाण

“आत वळलाच नाही! सरळ टेकडीकडे गेला!”

गच्चीवरून ओरडत हिमांशू तीन-तीन पायऱ्या गाळत खाली आला. खाली त्याची मोठी बहीण सावनी जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडून उभी होती. दुपारच्या पाण्याच्या टँकरची वाट बघत तिला पाऊण तास झाला होता.

“नीट पाहिलंस ना? कडुबाकाकांचाच टँकर होता?”

“निळं तोंड, मागे हिरवा डबा. अजून कोणाचा असणार?”

हर्सूलच्या पुढे, जिथे कधीकाळी खरोखरची आमराई होती, तिथे आता सहा इमारती होत्या आणि आंब्याचं झाड एकही नव्हतं. नाव तेवढं राहिलं होतं, आमराई नगर. दुष्काळाचं दुसरं वर्ष. हर्सूल तलावाच्या तळाशी मुलं क्रिकेट खेळत होती आणि इमारतींच्या बोअरमधून नुसती हवा यायची. टँकर आला तर पाणी, नाहीतर नाही. आणि या महिन्यात आमराई नगरचा टँकर चौथ्यांदा चुकला होता.

सावनीचे आजोबा अनंतराव सोसायटीचे सचिव होते. बँकेतून निवृत्त झाले तरी हाताखाली अजून चाळीस माणसं असल्यासारखे बोलायचे. “आता लेखी तक्रार,” त्यांनी जाहीर केलं. “हा कडुबा आपलं पाणी परस्पर दुसरीकडे ओततो. अशा माणसाला गाडीवर ठेवताच कामा नये.”

पण कडुबाकाका म्हणजे विशाखाचे वडील, आणि विशाखा म्हणजे सावनीची वर्गातली जिवलग मैत्रीण.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशाखा स्वतःच आली. डोळे लाल होते, पण आवाज शांत होता. वर्गात गणिताचा पेपर सोडवताना तिचा आवाज असाच असायचा.

“काकासाहेब शनिवारी पप्पांना कामावरून काढणार आहेत,” ती म्हणाली. काकासाहेब म्हणजे टँकर केंद्राचे मालक. “पप्पा म्हणतात, चिठ्ठीवर टेकडी वस्ती लिहिलं होतं, म्हणून मी टेकडीवर गेलो. आणि ऑफिसातले बद्रीनाथकाका शपथ घेऊन सांगतात, मी कॉम्प्युटरवर आमराई नगरच दाबलं. रजिस्टरमध्ये पण तेच लिहिलंय.”

“मग दोघांतलं एक जण खोटं बोलतंय,” हिमांशू म्हणाला.

“पप्पा खोटं बोलत नाहीत. आणि बद्रीनाथकाका पण नाहीत रे. मी लहान होते तेव्हा त्यांच्याच सायकलवरून शाळेत जायचे. मला पप्पांना सोडवायचंय, पण त्यांच्या गळ्यात अडकवून नाही.”

सावनीला त्या क्षणी आपल्या मैत्रिणीचा फार अभिमान वाटला. स्वतःच्या घरावर बेतलेलं असताना दुसऱ्याचा विचार करणारी माणसं मोठ्यांतसुद्धा कमीच सापडतात.

“शनिवार म्हणजे उद्या,” ती म्हणाली. “चिठ्ठी कुठे असते नंतर?”

“फाटकापाशी छोटा प्रिंटर आहे. ऑफिसात नाव दाबलं की तिथं चिठ्ठी निघते. पप्पा ती फाडून घेतात आणि जिथं पाणी सोडतात तिथं देऊन टाकतात.”

“मग चिठ्ठ्या टेकडीवर असणार!”

*

टेकडी वस्ती चढावर होती. मे महिन्याच्या उन्हात चढून जाईपर्यंत हिमांशूने तीनदा पाणी मागितलं आणि तिन्ही वेळा दोघींनी त्याला गप्प बसवलं. वस्तीतले टँकरचे व्यवहार आशाबाई बघायच्या. ठेंगणी, करड्या केसांची बाई. भांड्यांची रांग त्यांच्या एका नजरेने सरळ व्हायची.

“चिठ्ठ्या?” त्यांनी मुलांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कशाला पायजेत? तुमी आमराईची पोरं ना? आमचं पाणी बंद करायला आलात व्हय?”

खरं म्हणजे प्रश्न बरोबरच होता. चुकून दारात आलेलं पाणी या उन्हाळ्यात कोण परत पाठवणार? आणि चूक उघडकीला आली की ते जादाचं पाणी बंद होणारच होतं.

शेवटी विशाखा पुढे झाली. “मावशी, बंद होईल, खोटं कशाला बोलू? तुमच्या नंबरचं येईल, चुकून येणारं येणार नाही. पण त्या चिठ्ठ्या नसल्या तर माझ्या पप्पांचं काम जाईल. कडुबा, निळ्या टँकरवाले.”

कडुबाचं नाव ऐकताच आशाबाईंनी पदर खोचला. मग आत गेल्या आणि तारेत ओवलेल्या चिठ्ठ्यांचा जुडगाच घेऊन आल्या.

“तुझा बाप म्हातारीच्या घरापोतर पाइप ओढत नेतो. बाकीचे ड्रायवर गाडीतून खाली बी उतरत नायत,” त्या म्हणाल्या. “ने. पर तार वापस आण.”

वस्तीला पाण्याची एवढी ओढ असताना त्या बाईने तो जुडगा हातात दिला. खाली उतरताना हिमांशूने पाणी मागितलं नाही.

झाडाखाली बसून तिघांनी चिठ्ठ्या लावल्या. प्रत्येकीवर टेकडी वस्तीचंच नाव, तारीख आणि वेळ छापलेली होती. वस्तीच्या नंबराच्या सगळ्या चिठ्ठ्या सकाळच्या होत्या. चारच दुपारच्या होत्या, आणि त्या चार तारखा आमराई नगरचा टँकर चुकला त्याच होत्या.

“म्हणजे पप्पा खरं बोलत होते,” विशाखा हळूच म्हणाली.

“सकाळी काहीच चुकत नाही, दुपारी चुकतं,” सावनी विचार करत म्हणाली. “विशाखा, ऑफिसात नावं दाबतात त्या यादीत आमराई नगरच्या खाली कोणाचं नाव आहे गं?”

विशाखाने डोळे मिटून ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची यादी आठवली. मग डोळे उघडले.

“टेकडी वस्ती.”

*

टेकडीवरून तिघं थेट टँकर केंद्राच्या ऑफिसात गेली. बद्रीनाथ सकाळपासून घुश्श्यात होते. तरी विशाखाला बघून त्यांनी खुर्ची सरकवली. “बस बेटा. तुज्या बापाचं लई वाईट वाटतंय मला. पर मी आमराईच दाबतो, देवाशप्पथ.”

“काका, आम्ही फक्त बघणार आहोत. दुपारची फेरी लावताना.”

बारा वाजून गेले होते. बद्रीनाथांनी पडद्यावरच्या यादीत माउसचा बाण बरोबर ‘आमराई नगर’वर नेला, टिचकी मारली, आणि लगेच मान वळवून रजिस्टरमध्ये सुंदर अक्षरात लिहिलं, आमराई नगर. हिमांशू वाऱ्यासारखा फाटकाकडे पळाला. प्रिंटरमधून चिठ्ठी निघाली होती. टेकडी वस्ती!

“हे बघा!”

बद्रीनाथांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘टेकडी वस्ती’ असं तेव्हाही दिसत होतं. पण पंधरा वर्षांच्या सवयीने ते टिचकी मारून थेट रजिस्टरकडेच वळत. “मी तिथं दाबलंच नाय,” ते पुटपुटले.

“नाहीच दाबलंत. आम्ही तिघांनी पाहिलं,” सावनी म्हणाली. “काका, हा कॉम्प्युटर नवा आहे ना?”

“डबडं नवं, कार्यक्रम जुनाच. जुनं मशीन धुळीनं बसलं. मग इंजिनियर आला, त्यानं ते जुनं मशीन ह्याच्या पोटात बसवलं. म्हणाला, आता कॉम्प्युटरात कॉम्प्युटर. चालतं मस्त. पयल्या दिवशी पडद्यावर दोन बाण दिसायचे, मला चक्कर यायची. तक्रार केली, तर आतला बाण लपवून दिला त्यानं.”

सावनीने विशाखाकडे बघितलं, विशाखाने सावनीकडे. “लपवून दिला?” दोघी एकदम म्हणाल्या.

सावनीची अश्लेषा आत्या पुण्यात मोठ्या कंपनीच्या संगणकांची व्यवस्था बघायची. सावनीने तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आत्या आधी हसली आणि मग गंभीर झाली.

“अगं, दोन बाण दिसत होते हाच रोग होता. त्या शहाण्याने रोग नाही बरा केला, रोगी झाकून ठेवला! ऐक. साधा माउस आपण कुठे आहोत ते कधीच सांगत नाही. तो फक्त सांगतो, ‘मी एवढा सरकलो.’ बाहेरचं मशीन ते आपल्या मापाने मोजतं, आतलं, म्हणजे पोटात चालणारा तो जुना कार्यक्रम, आपल्या. सकाळी मशीन सुरू केलं की दोन्ही बाण जवळजवळ एकाच जागी असतात. मग दिवसभर थोडं थोडं अंतर पडत जातं. दुपारपर्यंत एका ओळीचं.”

“मग उपाय?”

“आतल्या मशीनला साधा माउस न देता टॅबलेट द्यायचा. म्हणजे खरी वस्तू नाही, नुसती सेटिंग. टॅबलेट सांगतो, ‘मी इथे आहे.’ ते आतल्या मशीनला कळावं म्हणून त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा कार्यक्रम, बसवावा लागेल. मी पाठवते. पण मालकांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हं!”

*

निरोप मिळताच त्याच दुपारी काकासाहेब आले, तेच कपाळावर आठ्या घेऊन. बरोबर तक्रारीचा कागद घेतलेले अनंतराव. मागे कडुबा, टोपी हातात धरून.

“पोरांनो, हा खेळ नाही,” काकासाहेब म्हणाले. “चिठ्ठ्या चुकल्या असतील तर बद्रीनाथने चुकवल्या.”

“कुणीच चुकवल्या नाहीत,” विशाखा म्हणाली. “दोन मिनिटं अंगणात चला.”

अंगणात तिने हिमांशूला आपल्याशेजारी उभं केलं. दोघांनी रुमालाने डोळे बांधले. सावनी मोठ्याने सांगू लागली, “चार पावलं पुढे. दोन डावीकडे. तीन पुढे. एक उजवीकडे...” हिमांशूच्या ढांगा लांब, विशाखाची पावलं बेताची. दहा आज्ञा होईपर्यंत विशाखा हौदापाशी पोचली आणि हिमांशू थेट कडुबाच्या टँकरला धडकला.

“दोघांनी शब्द न् शब्द ऐकला,” सावनी म्हणाली. “कोणीही खोटं चाललं नाही. तरी दोघं एका जागी आहेत का? आता बघा.” तिने दोघांचे रुमाल सोडले. “दोघंही लिंबाच्या झाडाखाली जा.”

दोघं लिंबाखाली एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभी राहिली.

“पावलं सांगितली की चुकतात, जागा सांगितली की चुकत नाहीत,” विशाखा म्हणाली. “तुमच्या कॉम्प्युटरात दोन बाण आहेत. एक दिसतो, एक लपवलाय. चिठ्ठी निघते ती लपवलेल्या बाणामुळे. तो दाखवू का तुम्हाला?”

काकासाहेबांनी मान डोलावली आणि सगळे ऑफिसात आले. सावनीने आत्याने सांगितल्याप्रमाणे लपवलेला बाण परत दाखवायला लावला, आणि पडद्यावर दोन बाण उभे राहिले. एक आमराई नगरवर. दुसरा, छोटा आणि पांढरा, बरोबर एक ओळ खाली.

काकासाहेब वाकून दोन्ही बाण न्याहाळू लागले.

“आता आतल्या मशीनला नवा ड्रायव्हर बसवायचा,” सावनी म्हणाली.

“बसवा बाबा,” बद्रीनाथ म्हणाले. “पर जुना काढू नका.” आणि त्यांनी कडुबाकडे बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच कडुबा हसला.

आतलं मशीन बंद केलं, माउसच्या जागी टॅबलेट निवडला, मशीन परत चालू केलं. आत्याने पाठवलेला ड्रायव्हर पहिल्यांदा बसलाच नाही. विशाखाने तिच्या खांद्यावरून वाकून सूचना पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचल्या. एक पायरी राहून गेली होती. दुसऱ्यांदा बसला. मग हिमांशूने माउस पडद्यावर गरागरा फिरवला, कोपऱ्यांत आपटला, वेड्यासारखा नाचवला. दोन्ही बाण चिकटून एकच झाले होते. बद्रीनाथांनी टिचकी मारली. या खेपेला त्यांनी आधी पडद्याच्या तळाशी बघितलं. चिठ्ठी घ्यायला फाटकापाशी गेलेल्या कडुबाचा आवाज आला.

“आमराई नगर!”

काकासाहेबांनी कडुबाला कामावरून काढायचं पत्र खिशातून काढलं आणि फाडलं. “कडुबा, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो मी.”

“मी पयल्या दिवशीच सांगितलं होतं, साहेब,” कडुबा म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण त्याने टोपी डोक्यावर घातली होती.

अनंतरावांनी हातातल्या तक्रारीची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग ते उठून कडुबासमोर गेले. “मी न विचारता सही केली. चूक माझी आहे. माफ करा.” सावनीने आजोबांना आजवर कोणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, ते आज नेहमीपेक्षा उंच दिसतायत.

“आणि तुम्ही तिघं,” काकासाहेब म्हणाले, “माझ्या इंजिनियरला जे कळलं नाही ते तुम्हाला कळलं. शाब्बास! बोला, काय बक्षीस देऊ?”

हिमांशूने तोंड उघडलं होतं, पण विशाखाने त्याच्या आधीच सांगितलं, “आशाबाईंनी चिठ्ठ्या दिल्या म्हणून हे कळलं. त्यांचा पुढचा नंबर चुकू नये, एवढंच.”

*

त्यांचा नंबर सोमवारी होता. सोमवारी सकाळी निळा टँकर टेकडी चढला तेव्हा तिघंही कडुबाशेजारी दाटीवाटीने बसली होती. विशाखाच्या मांडीवर परत द्यायची तार होती.

आशाबाईंनी आधी तार घेतली, मग चिठ्ठी. ती स्वतः न वाचता त्यांनी विशाखाच्या हातात दिली.

“आता असंच करायचं,” त्या रांगेकडे वळून म्हणाल्या. “आधी नाव वाचायचं, मग नळ सोडायचा. वाच पोरी, मोठ्यानं.”

“टेकडी वस्ती,” विशाखाने वाचलं.

“आमचंच हाय,” आशाबाई म्हणाल्या. “सोड रे कडुबा.”