सोडा कालवायला दोघं

मावशीच्या साबणखोलीत एक नियम होता. कॉस्टिक सोडा एकटीने कालवायचा नाही. एकीने तो थोडा थोडा पाण्यात सोडायचा, दुसरीने ढवळायचं. त्या दिवशी मावशी तापाने झोपून होती आणि नेमका रसायनांच्या दुकानातला एक तरुण, सोड्याची गोणी घेऊन दारात. मी त्याला हातमोजे दिले, ढवळणी दिली.

"ओळख ना पाळख, थेट कामाला जुंपलं," तो म्हणाला. चष्म्याआडून हसला मात्र छान.

ढवळता ढवळता तो पुटपुटत होता... सोदिउ... सोदा काउश्तिका... विचारलं तेव्हा कळलं, परदेशात एका साबण कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. तिथे सगळे पोर्तुगीज बोलतात, म्हणून सोडियम आणि त्याचं गणगोत आधी पाठ चाललं होतं.

मग तो गोणी नसतानाही येऊ लागला. मावशी बरी झाली, तरी ढवळणी त्याच्याकडेच. आमच्या बरण्यांवर त्याने चिठ्ठ्या डकवल्या : मिठाला साल, खाण्याच्या सोड्याला बिकार्बोनातु. मी परीक्षा घ्यायची, चुकला की पातेली घासायला लावायची. हल्ली तो मुद्दाम चुकतो, असं मावशीचं मत. मी साबणाच्या वड्या मोजायचं सोंग घेतलं.

आणि एक दिवस त्याचं तिकीट आलं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचा सोडा कालवला. पाणी तापलं, वाफ निघाली.

"तिकडे नुसतं मीठ न् सोडा मागून दिवस काढणार का?" मी विचारलं. आवाज थट्टेचा ठेवला होता... जमला नाही.

तो बराच वेळ एकच हातमोजा काढत राहिला.

"तुझ्या मावशीचा नियम मला मोडवत नाही गं," तो म्हणाला. "तिकडेही... दुसरं माणूस हवंच. येशील?"

आतल्या खोलीत बरण्या पुसण्याचा आवाज थांबला होता. माझ्यामागे मावशी एकटी पडेल — मी आतल्या दाराकडे पाहिलं.

"शेजारीण कधीची माझ्या मागे लागलीय, मला शिकव म्हणून," मावशी आतूनच म्हणाली. "तू तुझं बघ."

त्याचा चष्मा वाफेने पांढरा झाला होता. मी तो काढला, ओढणीने पुसला, परत त्याच्या नाकावर ठेवला.

"पोर्तुगीजमध्ये 'हो' कसं म्हणतात?"

"सीं," तो अगदी हळू म्हणाला.

"मग... सीं. पण सोडा मी सोडणार. तू ढवळायचं."