चौथं रीळ

"माझा धाकटा भाऊ सुटला पाहिजे," खुर्चीत टेकायच्या आतच ताई म्हणाली.

आमच्या गुप्तहेराला सगळे टिपकागद म्हणत. ऐकलेला थेंबही तो वाया घालवत नसे. त्याचा जोडीदार डुलकी. याने जांभई दिली की गल्लीतली मांजरं झोपत, असं म्हणतात. निम्मं खरं धरा.

ताईचे वडील, नाना, घड्याळं दुरुस्त करत. मंगळवारी साडेचारला कुणीतरी त्यांना दुकानाच्या जिन्यावरून ढकललं. पळणारी पावलं शेजाऱ्यांनी ऐकली. माणूस कुणी पाहिला नाही. तीन दिवस झाले, नाना अजून बेशुद्धच होते. दुकान कुणी चालवायचं यावरून दोन्ही मुलांत अबोला. दोघंही म्हणत, आपण तीनच्या खेळाला सिनेमात होतो, वेगवेगळ्या रांगांत. दोघांकडे फाडलेली तिकिटं होती.

"मग धाकट्यालाच का उचललं?"

"पोलिसांनी सिनेमाची गोष्ट विचारली. थोरला म्हणाला, तीन दिवसांत घडते. धाकटा म्हणतो, एका रात्रीत."

"तीनच दिवस," डुलकी जागा झाला. "मी रविवारी पाहिलाय. नायकाच्या हाताची पट्टी तीनदा बदलतात. पोरगा गेलाच नव्हता."

ताईचा चेहरा उतरला.

कोठडीत धाकटा हटूनच बसला होता. "एकच रात्र. पट्टी एकदाच बांधली. मळलेली होती, पुढच्या क्षणी पांढरीशुभ्र. म्हटलं, सिनेमावाल्यांचं लक्ष नव्हतं."

थोरला दवाखान्यात नानांच्या उशाशी होता. "मी त्याच खेळात पाहिलं, काका. पट्टी तीनदा बदलली. सिनेमा पहिल्यांदाच पाहिला, आणि त्यानंतर इथून हललोय कुठे?"

"पोरगा म्हणावा तर असा," बाहेर आल्यावर डुलकी म्हणाला.

टिपकागद सिनेमागृहाच्या कँटीनमध्ये गेला. कँटीनवाला वैतागलेलाच होता. "मंगळवारी तीनचा खेळ वीस मिनिटं आधी सुटला. चहाला उकळीसुद्धा आली नव्हती. आलेली डोकीच मोजून अकरा, तीही गेली."

वर यंत्राच्या खोलीत ऑपरेटरचा अंगठा बांधलेला होता.

"चहाने भाजलं," तो म्हणाला, आणि त्याने हात पाठीमागे नेला.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात टिपकागदाने सगळ्यांना बसवलं. ताई, हवालदाराबरोबर धाकटा, थोरला, ऑपरेटर.

"डुलकी, सिनेमात दिवस किती?"

"तीन."

"रविवारी तीन. मंगळवारी दुपारी मात्र एकच रात्र. खेळ वीस मिनिटं लवकर सुटला, म्हणजे अख्खं एक रीळ गळलं. पट्टी मळकी होती ती एकदम पांढरी झाली, कारण मधले दोन दिवस पडद्यावर आलेच नाहीत. ऑपरेटरसाहेब, चहाने भाजलं?"

ऑपरेटरने मान खाली घातली. "चौथं रीळ यंत्रात अडकून जळायला लागलं. हाताने ओढून काढलं आणि थेट पाचवं लावलं. मालकांना कळलं असतं तर घरी बसवलं असतं. पुढच्या खेळापर्यंत जळका तुकडा कापून जोडून ठेवलं."

"म्हणजे एक रात्र म्हणणारा तिथे होता," डुलकी पुटपुटला.

"आणि तीन दिवस पाहिले म्हणणारा नव्हता. थोरल्याने सिनेमा आधी कधीतरी पाहिला होता. मंगळवारी तिकीट फाडून घेतलं, आत गेला आणि अंधारात निसटला."

थोरला उठला, पण हवालदार दारात उभा होता.

"नाना दुकान धाकट्याला देणार होते," थोरला हळूच म्हणाला. "मी बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसलो."

ताईने धाकट्याचा हात धरला होता. तो तिने सोडला आणि ती थोरल्यासमोर उभी राहिली.

"तीन दिवस मी शेजारणींना सांगत होते, माझा भाऊ उशाशी बसून आहे, डोळ्याला डोळा नाही." तिचा आवाज खाली आला. "दादा, तू तिथे बसून कशाची वाट बघत होतास रे?"

आत नाना कण्हले. नर्स धावली. थोरल्याने धसकून नानांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि ताईला उत्तर मिळालं.