एकतीस नंबरचा धागा

या, असे पुढं सरकून बसा. टाळ जरा खाली ठेवा. आज तुम्हाला एका यंत्राची गोष्ट सांगतो. ऐकताना मान खाली गेली तर जाऊ द्या, सांगणाऱ्याचीही जाते.

सोनखडीच्या डोंगरावर विठ्ठलमंदिरात त्या वर्षी सप्ताह बसला, तेव्हा आवारातल्या खांबाखांबावर कॅमेरे होते. शर्वरी दातीर नावाची संशोधक मुलगी तिथल्या माकडांची आपसातली नाती अभ्यासत होती. तिचं यंत्र तोंड बघत नसे, केस-कातडी बघत नसे. खांदा, कोपर, गुडघा अशा सांध्यांचे ठिपके धरून ते प्रत्येक जिवाचा काड्यांचा सांगाडा करी आणि चालीवरून त्याला ओळखी. कळपात जो रोज तासन्‌तास बसेल, त्याला नंबर. एकानं दुसऱ्याला दहा वेळा मायेनं हात लावला, की पडद्यावर दोघांमध्ये एक धागा.

सहाव्या दिवशी सप्ताहाचे कीर्तनकार निवृत्तीबुवा काळोखे कौतुकानं तो पडदा बघायला बसले. नुसतं कोळ्याचं जाळं. एका कडेला मात्र दोन नंबर अलग पडलेले.

“हा एकतीस नंबर,” शर्वरी म्हणाली. “याला एकच धागा, चार नंबरच्या म्हातारीचा. ती त्याच्या डोक्यातून, हातांवरून बोटं फिरवत बसते. बाकी कुणी नाही.”

“आणि तिला?”

“तिलाही हाच एक.”

बुवांचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात त्यांनी एकतीस नंबर असा रंगवला, की बायाबापड्यांचे पदर डोळ्यांना लागले. “माकडं ती, आपल्यातल्याच एकाला टाकून बसली,” बुवा म्हणाले. “आपण माणसं. इथं बुक्का लावताना कुणी कुणाचं काही बघतो का?”

प्रसादाच्या पंगती बसल्या तशी शर्वरीनं बुवांना बाजूला बोलावलं. तिचा चेहरा उतरला होता.

“बुवा, माझी चूक झाली. मी नुसते काड्यांचे सांगाडेच बघत होते, मूळ चित्रण आज बघितलं. एकतीस नंबर माकड नाही.”

तिनं चित्रण लावलं. कठड्यावर, कळपाच्या मधोमध, पोक आलेला एक म्हातारा. प्रसादावरची माकडं हाकायला देवस्थाननं ठेवलेला; सगळे त्याला हाकाऱ्या म्हणत. हातात गोफण, पण तिच्यात दगड कधी नसे. गालांवर, हातांवर कोडाचे पांढरे डाग. दिवसभर माकडांतच बसतो म्हणून यंत्रानं त्याला कळपातला धरला होता.

मग तिनं बुक्क्याच्या रांगेचं चित्रण लावलं. बुवा स्वतः कपाळाकपाळाला बोट टेकवत पुढं सरकत होते. हाकाऱ्यापाशी बोट उचललं, डबीत बुडालं आणि थेट त्याच्या पुढच्या माणसाच्या कपाळाला टेकलं. दुसरा दिवस, तसंच. तिसरा, तसंच. बुवांना हे आठवतही नव्हतं.

“हे कुणाकुणाला दाखवलंस?” बुवांनी विचारलं. पहिला प्रश्न आपल्या तोंडून हाच निघाला, याची त्यांना आणखी लाज वाटली.

“कुणालाच नाही. माणूस आहे म्हटल्यावर नोंदीतून काढावा लागेल. मग चार नंबरचाही धागा जाईल.”

बुवा डबी घेऊन उठले. हाकाऱ्या पंगतीपासून दूर, कठड्यावर पत्रावळ घेऊन बसला होता. म्हातारी माकडीण शेजारी.

“नाव काय तुमचं?” बारा वर्षं बुवा इथं येत होते. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“श्रीपती गवस.”

“रांगेत मी तुम्हाला...”

“असू द्या, बुवा. माणसं पुष्कळ, तुम्ही एकटे. मी आपला रोज कपाळ धुऊन यायचो.”

बुवांनी बोट पुढं केलं. श्रीपतीचं डोकं सवयीनं मागं गेलं, मग थांबलं. बुक्का लागला. तशी म्हातारी पुढं झाली, काळा ठिपका निरखला आणि चिमटीनं वेचून टाकला.

श्रीपती हसला. “तिला काढायचीच सवय. आता परत लावावा लागंल तुम्हाला.”

बुवांनी परत लावला.

शर्वरीनं नोंद काढली नाही. एकतीससमोर नाव लिहिलं. पण त्याला बुवांचा धागा काही उमटला नाही. यंत्राला दहा लागतात, आणि त्या दिवशी दोनच झाले. उरलेल्या आठांसाठी बुवा डोंगर चढतील का? आणि एकतीस नंबरची गोष्ट पुन्हा सांगतील, तेव्हा माकडाची म्हणून सांगतील की आपली?

ते त्यांचं ते बघतील. तुम्ही मात्र उद्या बुक्क्याला बोट लावाल, तेव्हा श्रीपती गवसांची आठवण ठेवा. कपाळ धुऊन ते रांगेतच उभे असतील.